निरोगी नमुना

सकाळी कंट्रोलच्या स्लाइडवर मला एक रांग दिसली. पेशींची रांग, निळी, एकामागून एक, तंतूंच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून कुठेतरी निघाल्यासारखी. बाकी सगळं रोजच्यासारखं होतं. आडव्या कापलेल्या दुधाच्या नळ्या, नळीच्या भिंतीत खांद्याला खांदा लावून उभ्या पेशी, आणि प्रत्येकीच्या कडेनं तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजे ई-कॅडहेरिन. पेशी एकमेकींना धरून राहतात त्या या प्रथिनाच्या जोरावर. आम्ही वरून औषध आणि रंग घालतो, मग ते जिथे असेल तिथे तपकिरी उमटतं आणि नसेल तिथे नुसता पेशीचा निळा ठिपका राहतो. रांगेतल्या एकीलाही काठ नव्हता. मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पदरानं पुसला, गार झालेल्या चहाचा घोट घेतला आणि पुन्हा वाकले. रांग होती तिथेच होती. मधे एका ठिकाणी एका पेशीपुरती जागा रिकामी होती, आणि ही जागा आपण ओळखतो असं मला उगाचच वाटलं.

कंट्रोल म्हणजे आमचा रोजचा साक्षीदार. आजारी बायकांच्या स्लाइड रंगवताना त्यांच्याबरोबर एक निरोगी तुकडाही रंगवायचा. निरोगी तुकड्यात काठ तपकिरी आले तर रंग नीट बसला, मग बाकीच्यांबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार. नाही आले, तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. त्यामुळे सकाळी आधी कंट्रोल बघायचा, मग जग. गेली बारा-तेरा वर्षं मी असंच करत आले आणि या बारा-तेरा वर्षांत कंट्रोलनं मला एकदाही दगा दिला नाही. रंग बिघडला असणार, हे मी स्वतःला सांगितलं आणि विश्वेश्वरला हाक मारली. विश्वेश्वर आमचा टेक्निशियन. गोल पोटाचा, गालात पान, ओठात सतत कुठलं तरी भजन. मेणात बसवलेल्या तुकड्याचे पापुद्रे काढायचे, ते काचेवर घ्यायचे, आणि मग रंग धरावा म्हणून प्रेशर कुकरमध्ये उकळायचे, ही त्याची कामं. कुकर खरोखर घरातलाच, ठठेरी बाजारातून आणलेला. पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले की आम्ही तो टेबलाखाली सरकवतो. त्यानं स्लाइड उजेडाकडे धरली आणि रंग उत्तम आलाय म्हणाला. मग निघता निघता, पान एका गालातून दुसऱ्यात घेत, म्हणाला, "मैडम, ये ब्लॉक अब खतम होने को है. इतना नीचे तक तो हम कभी काटे नहीं थे."

तो गेला. खिडकीबाहेर ओपीडीची गर्दी, मुलांची रड, कुणीतरी शेंगा खात होतं. इतक्या खाली कधी कापलं नव्हतं. म्हणजे रोज एक पापुद्रा काढत काढत, वर्षानुवर्षं, आम्ही त्या तुकड्यात उतरत गेलो होतो. वरचे मजले सगळे निरोगी, आणि आज तळघराचं दार उघडलं. मला भीती वाटली. ती कामाची भीती नव्हती, रिपोर्ट चुकल्याची तर नव्हतीच. जुने रिपोर्ट सगळे बरोबर होते. काठ तपकिरी उमटले की कंट्रोलचं काम संपतं, आणि ते उमटत होते. भीती वेगळी होती. त्या ब्लॉकवर, मेणाच्या ठोकळ्यावर, नाव नाही, नुसतं 'एन' लिहिलेलं आहे, एन म्हणजे नॉर्मल. तो तुकडा कुणाचा, हे मी सोडून कुणालाच माहीत नाही. तो माझा आहे.

झालं होतं ते असं. डाव्या स्तनात एक गाठ आली होती, बोटाखालून इकडेतिकडे पळणारी. विद्यार्थी तिला उंदीर म्हणतात, आणि तो तसा निरुपद्रवी असतोही. आमच्या सर्जननी ती काढली, मी स्वतःच तपासली, साधी निघाली, आणि गाठीच्या भोवतीचा चांगला भाग मेणात वेगळा बसवलेला होता तो उरला. नेमकी त्याच सुमारास ई-कॅडहेरिन दाखवणाऱ्या औषधाची पहिली कुपी आली, बर्फात, थर्माकोलच्या डब्यात, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं की खात्रीचा निरोगी तुकडा घ्या. खात्रीचा कुठून आणायचा? आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई काहीतरी घेऊनच येते. तिच्या गाठीशेजारचा भाग वरून कितीही शहाणा दिसला तरी त्याचा काय भरवसा. माझ्याबद्दल मात्र मी छातीठोक सांगू शकत होते. ते सर्जन पुढे निवृत्त होऊन अलाहाबादेला मुलाकडे गेले, आणि मी नॉर्मल झाले. जौनपूर, गाझीपूर, बलिया, मिर्झापूर, कुठून कुठून बायका यायच्या, आणि त्यांच्यातली प्रत्येक जण माझ्याशेजारी ठेवून पाहिली जायची. मला याची गंमत वाटायची. गंमत कसली, अभिमानच. काशीतला, ब्रह्माघाटावरचा आमचा सगळा मराठी गोतावळा माझ्या लग्नाची वाट बघून थकला होता. हिचं काहीतरी बिनसलंय, असं बायका हळदीकुंकवाला एकमेकींच्या कानात म्हणायच्या आणि आवाज माझ्यापर्यंत येईल एवढी काळजी घ्यायच्या. म्हणोत बापड्या. इकडे मी आसपासच्या पाच जिल्ह्यांसाठी निरोगीपणाचा नमुना होते आणि हे फक्त मला माहीत होतं. कुणाला चिकटून राहायची मला कधी गरज वाटली नाही; माझ्या पेशी एकमेकींना चिकटून होत्या, तेवढं मला पुष्कळ होतं.

बाहेर बाकावर सीता नवऱ्याबरोबर बसली होती. सीता गंगेपलीकडच्या रामनगरची, नवऱ्याचं किल्ल्याकडच्या रस्त्याला लस्सीचं दुकान. तिचीही स्लाइड आजच्याच कामात होती आणि तिच्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरायचं होतं. तिच्या पेशी मी नंतर पाहिल्या. त्यासुद्धा एकामागून एक, बिनकाठाच्या. माझ्या काचेवर कोपऱ्यातली एक रांग होती, तिच्या काचेवर जत्रा. खरं तर मी तेव्हाच लिहून देऊ शकले असते, पण कंट्रोलबद्दल शंका असताना सही करायची नाही हा नियम मीच सगळ्यांना शिकवलेला. आणि खरं सांगायचं तर मला अजून आशा होती, की बिघडला असेल रंगच. मी बाहेर गेले आणि तिला म्हटलं, दुपार होईल, पुन्हा एकदा रंगवून बघायचंय. नवऱ्यानं मान डोलावली आणि तो खाली बघत राहिला. पीपे के पुलावरून, पिंपांच्या तरंगत्या पुलावरून, चालत आले असणार, दोघांच्या पायांना वाळू होती. मी आत वळणार तर ती माझ्या एप्रनच्या बाहीला हात लावून सांगायला लागली. तिला वाटत होतं की आपण काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून तपास लांबतोय. "गाँठ त कब्बो नाहीं रहल, डाक्टरनी जी. बस भारी लागत रहल. जइसे केहू हाथ धइले होय."

गाठ कधीच नव्हती, नुसतं जड, जसा कुणी हात ठेवलाय. विद्यार्थ्यांना मी हे दर वर्षी शिकवते, फळ्यावर काढून दाखवते: ज्या पेशी एकमेकींना धरत नाहीत त्यांची गाठ होत नाही. त्या दाटीवाटीनं एका जागी बसत नाहीत, सुट्या सुट्या निघतात, तंतूंच्या मधून वाट काढत चालत राहतात, आणि बोटाला काही लागेपर्यंत फार लांब गेलेल्या असतात. कधी नुसता जडपणा, कधी तोही नाही. फळ्यावर काढताना मी लहान लहान गोल एका ओळीत काढते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. आजपर्यंत त्या ओळीनं मला कधी काही केलं नाही. सीतेनं बाही सोडली तेव्हा माझ्या डाव्या बाजूवर काहीतरी येऊन टेकलं होतं. हलकंच होतं, पण होतं. मनाचे खेळ, मी स्वतःशी म्हटलं. पण मनाचे खेळ म्हणून आजवर किती बायकांना परत पाठवलं गेलं ते आठवलं, आणि त्या शब्दांचा मला आधार वाटला नाही.

विश्वेश्वरनं नवा पापुद्रा काढला, आणखी खालचा. कुकर गॅसवर चढला. दार लोटून मी आत बसले आणि शिट्टीची वाट बघत राहिले. आमच्या घरी अण्णांच्या वेळेला कुकर नव्हता, पितळी पातेल्यात भात शिजायचा, भल्या सकाळी, पिंडांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील, ढुंढिराजभट मुळ्ये. देशाकडून येणाऱ्या यात्रेकरूंचं श्राद्धकर्म दशाश्वमेधावर त्यांच्याकडे असायचं. सातारा, सांगली, खानदेश, कुठकुठले लोक बापाचं, आईचं नाव घेऊन यायचे. भात कोमट झाला की आई तो परातीत ओतायची आणि बकुळ आणि मी त्यात तीळ, मध, तूप घालून मळायला बसायचो. बकुळ माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या हातचे पिंड गुळगुळीत व्हायचे, माझ्या हातचे फुटायचे. फुटलेला पिंड अण्णा चालवून घेत नसत. पुन्हा मळ म्हणायचे, शीत शिताला धरून बसलं पाहिजे, तिथपर्यंत जाताना सुटलं तर माणूस कुठे जाईल? तिथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत ते मी विचारलं नाही. बकुळ माझे फुटके पिंड गुपचूप स्वतःकडे ओढून घ्यायची आणि नीट करून माझ्या रांगेत ठेवून द्यायची. अण्णांना ते कळायचं, असं मला आता वाटतं.

बाराव्या दिवसाचा विधी मी घाटाच्या पायरीवर बसून कितीदा बघितलाय. मेलेल्याचा लांबट पिंड वेगळा ठेवलेला असतो, आणि समोर त्याच्या बापाचा, आजाचा, पणजाचा, तीन गोल. मग तो लांबट पिंड कापायचा आणि एकेक भाग एकेका गोलात मिसळून टाकायचा, असा की जोड दिसता कामा नये. अण्णा यजमानाला म्हणायचे, आता हा एकटा नाही, आता हा पितरांत गेला. सपिंडी म्हणतात त्याला. तोवर तो बिचारा सुटा, प्रेत, दाराशी घुटमळणारा. हे ऐकून मोठमोठे मिशाळ पुरुष ढसढसा रडायचे. बकुळ तेराव्या वर्षी तापानं गेली. अण्णा दोन-तीन दिवस बघू म्हणत राहिले, वैद्याचा काढा चालू होता, आणि मग बघण्यासारखं काही उरलं नाही. तिची सपिंडी झाली नाही. लग्न न झालेल्या मुलीची नसते, असं अण्णांनीच आईला सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. आईनं विचारलं होतं की मग ती कुठे राहील. मी दाराआड होते. अण्णांनी पंचा खांद्यावर टाकला आणि ते घाटावर निघून गेले. पुढे घाटावर कुणाचंही श्राद्ध असलं तरी शेवटी ते एक पिंड ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी ठेवायचे, तशी रीतच आहे, पण ठेवताना त्यांचा हात थोडा वेळ त्या पिंडावर राहायचा. यजमानाला वाटायचं भटजी मंत्र विसरले.

काशीच्या गल्लीत दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. भिंतीला भिंत, मधे गाय, वरून कुणाचं तरी ओलं धोतर टपकत असतं. इथली कुटुंबं एकामागून एक चालतात. आमची रांग ठरलेली होती: पुढे अण्णा, मग आई, मग बकुळ, शेवटी मी. बकुळच्या वेणीची लाल रिबीन बघत मी सगळी लहानपणीची वाट चाललेय. ती गेल्यावर पहिल्यांदा आम्ही तिघं बाहेर पडलो तेव्हा मी आईच्या मागे जाऊन चालायला लागले तर आई थबकली आणि मागे न बघता हातानंच मला थोडं मागे सारलं. मग चालायला लागली. मी समजले. तेव्हापासून आई आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा असते. अण्णा गेले, आई ऐंशीच्या घरात आली, काठी आली, पण शिंदे घाटाच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊ नाहीतर देवळात, ती जागा आम्ही दोघींनी राखली. सायकलवाले तिच्यात घुसतात, कुत्री घुसतात, आणि निघून जातात. चाळीस वर्षं मी त्या जागेच्या मागे चालतेय. सकाळी काचेवर मला काय ओळखीचं वाटलं ते आता कळलं, आणि कळल्यानं काही बरं वाटलं नाही.

दुसरी स्लाइड दुपारी आली. रंग सुरेख होता, काठ कधी नव्हे इतके ठसठशीत. आणि रांगा आता तीन होत्या. एक नळीला वळसा घालून गेलेली, दुसरी चरबीत शिरलेली, तिसरी तुकड्याच्या अगदी कडेपर्यंत पोचलेली, जिथे तुकडा संपतो आणि जिथून पुढे तो माझ्यातून कापून काढला होता. कडेला एकच पेशी उभी होती. तिच्यापुढे मोकळी काच. म्हणजे तिच्या पुढच्या एक तर त्या दिवशी सर्जनच्या सुरीनं संपल्या, नाहीतर माझ्यात राहिल्या आणि इतकी वर्षं, मी लोकांना शिकवत होते, सह्या करत होते, हळदीकुंकवाच्या बायकांवर मनातल्या मनात हसत होते, तेव्हा त्या चालत होत्या. दोहोंपैकी काय, ते काच सांगू शकत नव्हती. कितीतरी वेळ मी त्या शेवटच्या पेशीकडे पाहत राहिले. मी तिचा राग करू शकले नाही. ती फार एकटी दिसत होती.

सीतेचा रिपोर्ट मी लिहून दिला. कंट्रोल योग्य, असं त्यात लिहावं लागतं, ते लिहिलं, आणि ते खरंही होतं. इतका योग्य कंट्रोल आमच्या प्रयोगशाळेला पुन्हा मिळायचा नाही, निरोगी आणि आजारी एकाच काचेवर. तिला समोर बसवून ऑपरेशनबद्दल समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, की मग तो हात उठेल का. उठेल, मी म्हटलं. एरवी मी असं बोलत नाही. विश्वेश्वरनं जाताना विचारलं की जुना ब्लॉक फेकून देऊ का, नवा चांगला तुकडा शोधू. मी म्हटलं नवा शोध, हा माझ्याकडे दे. त्यानं तो कागदात गुंडाळून दिला आणि मी पर्समध्ये टाकला, किल्ल्या आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या शेजारी.

घरी जायचं सोडून मी दशाश्वमेधावर उतरले. थंडीची संध्याकाळ लवकर पडते. आरतीच्या चौक्या मांडणं चाललं होतं, फुलांच्या द्रोणांचे ढीग, नाववाले हाका मारत होते. अण्णा ज्या छत्रीखाली श्राद्धं करायला बसायचे, तिच्या जागी आता कुणी दुसराच माणूस मोबाइलवर बोलत बसतो. मी खालच्या पायरीपर्यंत गेले. मनात काय होतं ते स्पष्ट सांगते: तो ठोकळा गंगेत सोडून द्यायचा, घरी जायचं, आणि उद्या नव्या कंट्रोलनं कामाला लागायचं. कुणाला कळणार होतं? मला काही दुखत नव्हतं. आईला ऐंशीव्या वर्षी आणखी एक मुलगी अंथरुणावर बघायला लावायची का? आणि मी गेले तर मला कुठे मिसळणार, अण्णांच्या हिशेबानं मीही सुटीच. निदान हा तुकडा तरी माझ्या हातानं जाऊ दे. कागद सोडवला, आणि मग लक्षात आलं की मेण बुडत नाही. तो ठोकळा पाण्यावर तरंगत राहिला असता, झेंडूच्या फुलांत, पायरीला थडकत, आणि सकाळी एखाद्या नाववाल्यानं काढून परत घाटावर ठेवला असता. मला हसू आलं. शेजारी उभ्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि थोडी बाजूला सरली. डाव्या बाजूवरचा हात तसाच होता. कुणाचा आहे, असं मी त्या क्षणी पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर येईल अशा भीतीनं पायऱ्या चढायला लागले.

आई देवघरासमोर वाती वळत बसली होती. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही, पण वातींना डोळे लागत नाहीत. संध्याकाळचा आमचा एक नेम आहे. मी पाय धुऊन बसले की ती विचारते, आज कुणाचं वाईट आलं? मी सांगते एकीचं, दोघींचं. ती नाव विचारते, मी म्हणते नाव सांगत नसतात. मग ती म्हणते बरं, आणि प्रत्येकीसाठी एक वात बिनानावाची लावते. इतक्या वर्षांत मी एक नाव सांगितलं नाही आणि तिनं एक दिवस विचारायचं सोडलं नाही. आजही तसंच सुरू झालं. उशीर का झाला, जाम लागला होता का, चाय ठंडी होऊन गेली, पुन्हा गरम कर. मग आज कुणाचं? मी म्हटलं, रामनगरची एक होती. माझ्या आवाजात आईला काय दिसलं कोण जाणे, ती म्हणाली, आणि? आणि एक, मी म्हटलं.

"नाव काय तिचं?"

सांगत नसतात, हे माझ्या तोंडात आलंच होतं. ते आलं नाही. "मृणालिनी," मी म्हटलं.

आईचा अंगठा तळव्यावर थांबला. कापूस अर्धा वळलेला होता. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत गाईला हटवत होतं, ते बराच वेळ चाललं.

"कुठली?"

"आपली."

तिनं वात पूर्ण वळली, दुसऱ्या वातींवर नीट ठेवली. दुखतं का, विचारलं. नाही म्हटलं, भारी वाटतं. मग मी तिला सांगत गेले, स्लाइड, ब्लॉक, विश्वेश्वर, सगळं; पर्समधून काढून तिच्या हातात ठोकळा दिला. आईनं तो बोटांनी चाचपला, वास घेतला, आणि मेण आहे म्हणाली. तुझा डावा खांदा दिवाळीपासून खाली आहे, हेही म्हणाली, जसं काही भाजी महाग झाली असं सांगावं. मग उद्या दाखवायला जाशील ना, विचारलं. मी म्हटलं, बघू. तेव्हा तिनं माझ्याकडे मान वळवली. "ते बघू नको करूस," ती म्हणाली. "या घरात एकदा बघून झालंय."

निरांजनात तिनं एकच वात ठेवली. ही रामनगरवालीची, म्हणाली. मी विचारलं, माझी? ती काडी ओढत म्हणाली, तुझी कशाला लावू, तू तर समोर बसली आहेस. वात लागली आणि तिच्या हाताच्या शिरा उजळल्या. मला लहानपणी पिंड मळताना लागायची तशी भूक लागली, आणि त्या रात्री मी पोटभर जेवले.

सकाळी उठले तर आई तयार होती. फिकं लुगडं, वर माझा जुना स्वेटर, कानाला मफलर, हातात काठी. मी म्हटलं तू येऊ नकोस, रिक्षासाठी मैदागिनच्या चौकापर्यंत चालावं लागेल, दवाखान्यात लाइन असते, बसायला जागा नसते. तर म्हणाली, इतके साल झाले नोकरीला, एकदा पण दवाखाना दाखवला नाहीस, आज बघते. ब्लॉक माझ्या पर्समध्ये होता. आज त्यावर नाव आणि वय लिहून तो कुणा दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचा होता, आणि स्वतः सीतेच्या बाकावर बसायचं होतं. मला त्या बाकाची लाज वाटत होती, हे मी आईला सांगितलं नाही. आम्ही बाहेर पडलो. गल्ली धुक्यानं भरलेली, भिंती ओल्या, कोपऱ्यावरच्या कढईतून जिलबीचा वास. आई पुढे, एक हात भिंतीवर, काठी ठकठक, मग ती जागा, मग मी. इतक्या धुक्यात ती जागा जास्तच भरल्यासारखी वाटत होती. मी नेहमीसारखं पाऊल मोजून टाकत होते, कुणाच्या टाचेवर पडू नये म्हणून.

वळणावर आई थांबली. मीही थांबले, आमच्यातलं अंतर तेवढंच ठेवून. ती मागे न बघता म्हणाली, "पुढे ये, मृणा. तिथे कोणी नाहीये."

चाळीस वर्षांत तिनं असं म्हटलं नव्हतं. मला वाटलं तिला ते म्हणताना फार लागलं असणार. मी पाऊल उचललं आणि त्या जागेत ठेवलं; फरशी तशीच गार होती, बाकीच्यासारखीच. आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा हात मागे केला, आणि मी तो धरला. आम्ही तशाच निघालो, ती पुढे, मी तिच्या पाठीला लागून. थोडं चालल्यावर मला माझ्या मागे, मी इतकी वर्षं चालत आले त्या शेवटच्या जागी, हलक्या पावलांचा आवाज यायला लागला. मी वळून पाहिलं नाही.